अर्ध्यावर थांबलेलं चरित्र : टी. डब्ल्यू. मूडी आणि आयर्लंडच्या जमिनीचा प्रश्न

१९८१ साली ऑक्सफर्डहून ‘डेव्हिट अँड आयरिश रेव्होल्यूशन, १८४६–८२’ हा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. लेखक, आयरिश इतिहासकार थिओडोर विल्यम मूडी तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या कुळांचं आंदोलन उभारणाऱ्या मायकेल डेव्हिटच्या तुरुंगवासावरचे त्यांचे पहिले लेख १९४१–४२ सालचे, म्हणजे एका माणसाचा माग त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढला. आणि तरी हा ग्रंथ डेव्हिटच्या छत्तिसाव्या वर्षापाशी संपतो. डेव्हिट जगला साठ वर्षं. उरलेली चोवीस वर्षं लिहायची राहून गेली, कारण फेब्रुवारी १९८४ मध्ये मूडीच वारले.

इतका शिस्तीचा, सगळी साधनं हाताशी असलेला प्राध्यापक आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या विषयात निम्म्यावर का थांबला? आणि त्या निम्म्या कामाचं मोल काय? या दोन प्रश्नांसाठी मी हे प्रकरण निवडलं आहे. मूडींवर एक शिक्का बसलेला आहे : भावनाशून्य, कोरडा, राष्ट्रवादाला थंडपणे कापून काढणारा इतिहासकार. डेव्हिटवरचं काम वाचलेल्या माणसाला तो शिक्का पटणं कठीण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जमीन कशी गेली, मग कशी परत आली

मूडी १९०७ साली बेलफास्टमध्ये एका प्रॉटेस्टंट कामगार घरात जन्मले. क्वीन्स विद्यापीठात शिकले आणि डॉक्टरेटसाठी लंडनला गेले. विषय होता सतराव्या शतकातली लंडनडेरीची वसाहत : अल्स्टरमधली, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातली जमीन मूळच्या आयरिश लोकांकडून काढून लंडनच्या व्यापारी कंपन्यांच्या घशात कशी गेली, १६०९ ते १६४१ या काळात तिथे नेमकं काय घडलं. ते पुस्तक १९३९ साली आलं. पुढच्याच वर्षी ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि १९७७ पर्यंत त्याच जागेवर राहिले. तिथून लगेच ते डेव्हिटकडे वळले. म्हणजे जमीन गेली कशी हा प्रश्न त्यांनी तरुणपणी सोडवला आणि कुळांनी ती परत मागायला सुरुवात कशी केली हा प्रश्न उरलेल्या आयुष्यात. ही सलगता माझ्या मते योगायोगाची नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९३८ साली मूडींनी डब्लिनच्या रॉबर्ट डडली एडवर्ड्स या कॅथलिक इतिहासकाराबरोबर ‘आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज’ हे नियतकालिक सुरू केलं. आयर्लंडची फाळणी होऊन पुरती दोन दशकंही झाली नव्हती आणि या नियतकालिकाचा संसार सीमेच्या दोन्ही बाजूंना होता. १९०० नंतरच्या राजकारणावर लेख छापायचे नाहीत, असा दंडक त्यांनी घालून घेतला. आज तो भित्रेपणाचा वाटेल. पण यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेली माणसं तेव्हा मंत्रिमंडळात आणि विरोधी बाकांवर बसत होती. दोन धर्मांच्या, दोन राज्यांच्या अभ्यासकांना एका टेबलाशी बसवायचं तर काही विषय बाजूला ठेवावे लागले असतील, हे मला समजू शकतं. पुढे मूडींनी ज्या माणसाला वाहून घेतलं, त्याचं राजकारण मात्र १९०६ मधल्या मृत्यूपर्यंत चाललं होतं.

डेव्हिट

मायकेल डेव्हिट २५ मार्च १८४६ रोजी मेयो परगण्यातल्या स्ट्रेड गावी जन्मला. बटाट्यावर रोग पडून सुरू झालेल्या महादुष्काळाची ती वर्षं. १८५० साली खंड थकला म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढलं गेलं. स्विनफर्डच्या, निराधार गरिबांसाठीच्या सरकारी ‘वर्कहाउस’मध्ये गेल्यावर कळलं की मुलाला आईपासून वेगळं ठेवणार. आईने ते साफ नाकारलं आणि सगळे पुन्हा रस्त्यावर आले. मग इंग्लंडच्या लँकशरमधलं हॅस्लिंग्डन आणि तिथली कापडगिरणी. अकराव्या वर्षी यंत्रात सापडून डेव्हिटचा उजवा हात गेला. १८६५ मध्ये तो सशस्त्र क्रांतीची शपथ घेतलेल्या फेनियन संघटनेत शिरला. १८७० साली लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर शस्त्रांच्या प्रकरणात पकडला गेला आणि पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. डिसेंबर १८७७ मध्ये सशर्त सुटला आणि दीड वर्षाच्या आत आयर्लंडच्या इतिहासातलं सर्वांत मोठं कुळांचं आंदोलन उभं राहिलं.

असं आयुष्य समोर असताना चरित्रकाराने हात जोडावेत, हे सोपं असतं. डेव्हिट गेल्यावर दोनच वर्षांत, १९०८ साली, फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन या त्याच्या चाहत्याने चरित्र लिहिलंही होतं. मूडींचा आदर त्याहून कमी नव्हता. कर्मठ प्रॉटेस्टंट वातावरणातून आलेले मूडी पुढे क्वेकर पंथात गेले, अहिंसा मानणारे झाले. बंदुकीपासून सुरुवात करून जनआंदोलनाकडे वळलेला, द्वेषाने न कुजलेला हा एक हाताचा माणूस त्यांना का भावला असेल, हे सांगायला नको. डेव्हिट कुटुंबाकडची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. आज ती ट्रिनिटीच्या ग्रंथालयात आहेत.

मूडींचा आदर कागद तपासताना आड आला नाही. डार्टमूरच्या तुरुंगातल्या दिवसांचं उदाहरण घ्या. एक हात नसलेल्या कैद्याला तिथे दगड फोडायला बसवलं गेलं, मग इतर कैद्यांबरोबर गाडीला जुंपलं गेलं, मग उन्हाळ्यात हाडं कुटण्याच्या शेडमध्ये काम दिलं गेलं आणि त्यानंतर धोबीखान्यात पिळणी फिरवायला लावलं गेलं. डेव्हिटने हे स्वतः १८७८ मध्ये चौकशी आयोगापुढे सांगितलं होतं. मूडींनी १९४१–४२ मध्ये नेमका हाच भाग आधी घेतला. घोषणा आणि सभांच्या आधीची, कुणी पाहत नसतानाची ही वर्षं. कैदी काय म्हणतो, तुरुंगाचा कारभार काय म्हणतो, आणि दोन्हींत कुठे जुळतं नि कुठे फटी आहेत, अशी ती तपासणी आहे. सगळं तपासून झाल्यावर डेव्हिटचा मोठेपणा उरतो, आणि तो आता कुणाच्या भक्तीवर अवलंबून राहत नाही.

दुसरं उदाहरण जास्त अवघड. १८७० च्या खटल्यात डेव्हिटच्या हातचं एक पत्र फिर्यादी पक्षाने वाचून दाखवलं. फितूर असल्याचा संशय असलेल्या एका साथीदाराच्या जिवावर उठलेल्या तरुण सहकाऱ्याला ते लिहिलेलं होतं, आणि त्यात पिस्तुलाला ‘पेन’ असा सांकेतिक शब्द होता. वरवर वाचलं तर पत्र खुनाला होकार देतं. डेव्हिटचं म्हणणं असं, की थेट नकार दिला असता तर त्या पोराने ऐकलं नसतं. वेळ काढण्यासाठी तसं लिहिलं, आणि दरम्यान वरिष्ठांकरवी तो बेत मोडला. जवळजवळ वीस वर्षांनी आयरिश राष्ट्रवादी खासदारांचा पुढारी पार्नेल याच्याविरुद्धच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे हेच पत्र पुन्हा उकरून काढलं गेलं. ज्याला देव्हारा बांधायचा आहे तो असं पत्र तळटीपेत ढकलतो. मूडींनी ते मधोमध ठेवलं.

एप्रिल १८७९ : आंदोलन कुणाचं?

प्रकरणाचा गाभा इथे आहे. रूढ कथा अशी : तुरुंगातून सुटलेला डेव्हिट अमेरिकेला गेला, तिथले फेनियन पुढारी जॉन डेव्हॉय यांच्याशी खल करून ‘न्यू डिपार्चर’ नावाची, क्रांतिकारक आणि पार्लमेंटातले राष्ट्रवादी यांना एकत्र आणण्याची योजना घेऊन आला, पार्नेलला तिच्यात ओढलं, २० एप्रिल १८७९ रोजी आयरिशटाउनला पहिली सभा झाली आणि २१ ऑक्टोबरला डब्लिनच्या इम्पीरियल हॉटेलात लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली. सरळ रेषेत जाणारी ही कथा सांगण्यात डेव्हिटचा स्वतःचाही वाटा होता. १९०४ च्या ‘द फॉल ऑफ फ्यूडॅलिझम इन आयर्लंड’ मध्ये त्याने ती पंचवीस वर्षांनंतर लिहिली.

मूडींनी १९४९ च्या एका निबंधात हा धागा उकलायला घेतला. ऑक्टोबर १८७८ मध्ये डेव्हॉयने अमेरिकेतून तारेने पार्नेलला देऊ केलेल्या अटी ही एक गोष्ट, आणि १८७९ च्या उन्हाळ्यात मेयोच्या शेतकऱ्यांमुळे प्रत्यक्ष जुळून आलेली युती ही दुसरी. डेव्हॉय पुढे म्हणत राहिला की पार्नेलने १ जून १८७९ च्या भेटीत ठरीव करारच केला होता. डेव्हिटने ते नाकारलं. लिखित करार कुणाकडेच नाही. तिघांच्या आठवणी, पत्रं आणि वर्तमानपत्रं एकापुढे एक ठेवून मूडींनी दाखवलं की कागदावरच्या योजनेतून आंदोलन निघालेलं नाही. योजना आखणारे एका वाटेने चालले होते आणि पिकाने दगा दिलेले शेतकरी दुसऱ्या वाटेने, आणि त्या दोन वाटा मेयोत येऊन मिळाल्या.

आयरिशटाउनच्या सभेला डेव्हिट स्वतः हजर नव्हता, हे अनेकांना ठाऊकच नसतं. अध्यक्षस्थानी होता जेम्स डेली, ‘कनॉट टेलिग्राफ’ चा संपादक. स्थानिक कुळांच्या तक्रारी तो आधीपासून छापत आला होता. पुढच्या संशोधकांनी डेलीला त्याची जागा मिळवून दिली, आणि ती त्याला आणखी आधी मिळायला हवी होती असं मला वाटतं. चरित्र या प्रकाराची ही अडचणच आहे. दिवा एका माणसाच्या हातात असला की शेजारचा अंधारात राहतो.

जमाखर्चाच्या वह्या

मूडी डेव्हिटच्या कागदांत बुडालेले असताना दुसरीकडे वेगळंच काम सुरू होतं. बार्बरा सोलो या अमेरिकन अर्थेतिहासकार महिलेने १९७१ साली दाखवलं की दुष्काळानंतरच्या दशकांत बेदखलीचं प्रमाण लोकसमजुतीपेक्षा फारच कमी होतं आणि खंड शेतमालाच्या भावामागे रेंगाळत होता. ट्रिनिटीतलेच डब्ल्यू. ई. व्हॉन यांनी जहागिरींच्या वह्या चाळल्या. १८५० च्या सुरुवातीपासून १८७० च्या दशकापर्यंत खंड साधारण वीस टक्क्यांनी वाढला आणि शेतीचं उत्पन्न त्याहून जास्त, हा त्यांचा निष्कर्ष १९९४ च्या त्यांच्या ग्रंथात सविस्तर आला. सरकारी आकडे पाहा : १८७९ मध्ये १,२३८ कुटुंबं बेदखल झाली, १८८० मध्ये २,११०. जमिनीचे धारक होते पाच लाखांहून जास्त.

मग आग लागली कशाने? १८७७ ते १८७९ अशी सलग तीन वर्षं वाईट गेली. बटाटा पुन्हा बसला. अमेरिकन मालामुळे भाव कोसळले. हंगामात इंग्लंड-स्कॉटलंडला कापणीला जाणाऱ्या मेयोच्या माणसांना काम मिळेना. गावच्या दुकानदाराचं उधार थकलं, म्हणून तोही कुळाच्या बाजूने उभा राहिला, कारण जमीनदाराला खंड गेला की त्याचं येणं बुडणार. सॅम्युअल क्लार्क यांनी १९७९ मध्ये शेतकरी आणि गावकरी दुकानदारांची ही मोट उलगडली. पॉल ब्यू यांनी १९७८ मध्ये त्याच चळवळीतल्या फटी दाखवल्या : पश्चिमेच्या तुकड्यावर जगणाऱ्या कुळाचं हित आणि शेकडो एकर गुरं चारणाऱ्या बड्या शेतकऱ्याचं हित एक नव्हतं. सरकारने नोंदलेले शेतीविषयक गुन्हे १८७९ मध्ये ८६३ होते, १८८० मध्ये २,५९० झाले.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले आणि १८७९ मध्येच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. त्या दंग्यांबद्दलही नंतरच्या अभ्यासकांनी विचारलं : जमीन खरोखर किती हातांतून गेली, आणि भीती किती मोठी होती?

मूडींच्या ग्रंथात या वह्या दुय्यम आहेत, आणि ही उणीव खरी आहे. त्यांचं जग पत्रांचं, भाषणांचं, गुप्त अहवालांचं आणि तुरुंगाचं. व्यासपीठासमोर उभ्या असलेल्या कुळाची चूल त्यात क्वचित दिसते. तरी मी मूडींच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे मांडेन. बेदखलीचं प्रमाण कमी होतं हे आकड्यांनी सिद्ध होतं. पण चार वर्षांच्या पोराला घराबाहेर काढल्यावर ती आठवण त्याच्याबरोबर गिरणीत, तुरुंगात आणि व्यासपीठावर कशी जाते, आणि मेयोतल्या हजारो श्रोत्यांना ती आपलीच कशी वाटते, याचा हिशेब वहीत सापडत नाही. जमीनदाराविरुद्धच्या भावनेला राष्ट्रीय मागणीचं बळ कसं आलं हे समजायला मूडीच वाचावे लागतात.

शिवाय नवं संशोधन त्यांनी नाकारलं नाही. मे १९७७ मध्ये ट्रिनिटीतून निवृत्त होताना दिलेल्या व्याख्यानाचा विषय होता आयरिश इतिहास आणि आयरिश मिथकं. मिथकांच्या दास्यातून सुटणं हे मनाचं न संपणारं, वेदनादायी युद्ध आहे, असं त्यांनी तिथे म्हटलं. ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज परंपरेची मिथकं त्यांनी काढली, तशीच राष्ट्रवाद्यांचीही काढली, आणि सरसकट क्रूर जमीनदाराची प्रतिमाही सोडली नाही. डेव्हिटवर जीव असलेला माणूस डेव्हिटच्या प्रचाराचा पाया असलेली प्रतिमा भर सभेत तपासायला काढतो, तेव्हा त्याला भावनाशून्य कसं म्हणायचं? उत्तर आयर्लंडमध्ये त्या वेळी हिंसाचारात माणसं मरत होती, आणि मारणारे दोन्हीकडचे इतिहासाचेच दाखले देत होते. बेलफास्टच्या या माणसाला त्याचं किती लागत असेल!

वेळ कुठे गेला

आता निम्म्यावर थांबण्याचं कारण. सगळ्यात साधं कारण म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेलं काम. नियतकालिकाचं संपादन दशकानुदशकं चालू होतं. १९५३ पासून रेडिओवर टॉमस डेव्हिस व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्यामागे मूडी होते. १९६६ मध्ये दूरदर्शनवर एफ. एक्स. मार्टिन यांच्यासोबत आयर्लंडच्या इतिहासाची मालिका केली, आणि १९६७ मध्ये तिचं पुस्तक झालं. ते घरोघरी गेलं. आणि १९६२ मध्ये त्यांनी अनेक खंडांच्या ‘न्यू हिस्ट्री ऑफ आयर्लंड’ ची कल्पना मांडली. सरकारी पैसा मिळून पहिला खंड यायला १९७६ उजाडलं, आणि शेवटचा खंड आला २००५ मध्ये. नकाशे, वंशावळी, तारखांची कोष्टकं, लेखकांकडून मजकूर वसूल करणं… ज्यांनी असं सामूहिक संपादन केलं आहे त्यांना माहीत आहे की त्यात स्वतःचं पुस्तक सर्वांत आधी मागे पडतं.

पण १८८२ ही रेघ केवळ वेळेअभावी पडलेली नाही. फेब्रुवारी १८८१ मध्ये डेव्हिटला पुन्हा आत टाकलं, ऑगस्टमध्ये खंड ठरवून देणारा जमीन कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये पार्नेल किलमेनहॅमच्या तुरुंगात गेला आणि लीगवर बंदी आली. पार्नेलची बहीण अॅना आणि तिच्या महिला लीगने काम ओढलं. मग सरकारशी समझोता झाला. ६ मे १८८२ ला डेव्हिट सुटला आणि त्याच संध्याकाळी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये मुख्य सचिव आणि त्याच्या दुय्यमाचा खून झाला. महिन्याभरात डेव्हिटने लिव्हरपूलला सांगितलं की जमीन कुळाच्या मालकीची नको, राष्ट्राच्या मालकीची हवी. शेतकऱ्याला मात्र सातबारा स्वतःच्या नावावर हवा होता. इथून डेव्हिट आणि ज्यांच्यासाठी तो लढला ती कुळं, यांच्या वाटा फुटल्या. जमीन आणि राष्ट्रवाद ही जोडी जोवर एका माणसात नांदत होती, तोवरचं चरित्र मूडींनी पूर्ण केलं, असंही म्हणता येतं.

मागाहूनचे आक्षेप आणि उरलेली वर्षं

मूडींच्या पश्चात, १९८९ मध्ये, ब्रेंडन ब्रॅडशॉ या इतिहासकारांनी मूडींच्या या सगळ्या इतिहासलेखन-परंपरेवर तोफ डागली. मूल्यनिरपेक्षतेच्या नावाखाली या इतिहासकारांनी आयरिश माणसाने सोसलेल्या संहाराची धार बोथट केली, हा त्यांचा आरोप. लेख छापला मूडींनीच काढलेल्या ‘आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज’ ने. काही पुस्तकांबाबत ब्रॅडशॉ यांचं म्हणणं मला पटतं, विशेषतः दुष्काळाबद्दलच्या लिखाणात. डेव्हिटच्या चरित्राला मात्र ते लागू होत नाही. स्विनफर्डच्या दारातून माघारी फिरलेली आई त्या चरित्रात आहे आणि डार्टमूरची हाडं कुटायची शेडही आहे. मूडींनी दुःख वगळलं नाही. पुराव्यानिशी लिहिलं, एवढंच.

राहिलेली चोवीस वर्षं अखेर कार्ला किंग यांनी लिहिली. १८८२ ते १९०६ चा डेव्हिट त्यांनी २०१६ मध्ये पुरा केला : कामगार चळवळीतला, बोअर युद्धाच्या निषेधार्थ १८९९ मध्ये पार्लमेंट सोडणारा, किशिनेवमधल्या ज्यूंच्या कत्तलीची चौकशी करायला रशियाला जाणारा. भारतीय वाचकाला ओढ वाटेल तो धागाही याच उत्तरार्धात येतो. मुंबईच्या दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावं, असं डेव्हिटने पार्नेलला सुचवलं होतं. पार्नेलला कल्पना आवडली, पण त्याने ती अमलात आणली नाही. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. दोनच वर्षांनी मद्रासच्या काँग्रेसचं अध्यक्षपद डब्लिनचे आल्फ्रेड वेब यांनी भूषवलं. वेब आयरिश राष्ट्रवादी खासदार होते आणि मूडींसारखेच क्वेकर.